उभी तापते का पळताना

बाबा, तुझी पांढरी व्हॅन माझ्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी भर रस्त्यात तापली. तेवढंच सांगायला बसलेय. पाचवीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू गेलास तेव्हा पोरगी बालवाडीत होती. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीची माणसं घ्यायला जाताना तूच तिला सोडायचास. आता तिला त्याच गाडीची लाज वाटते. "आई, भाड्यानं चांगली गाडी घेऊ. त्या वासाच्या डब्यात मी न्हाय बसनार." वास येतो, खरं आहे. पहाटे मी गाडी पार वाळूत उतरवते, होडीतल्या मासळीच्या पाट्या लाटेतूनच आत ओढते. पण त्याच पाट्यांवर ती मोठी झाली. मी म्हटलं, ह्याच गाडीतून जायचं. माझं तुला माहीत आहे, एकदा म्हटलं की म्हटलं. मग भाच्यांनी गाडी तीनदा धुतली, समोरच्या जाळीवर झेंडूचा पडदा सोडला, आणि मी, नवरीची आई, शालू नेसून चालवायला बसले. लोक हसले. हसू देत.

हॉल काही लांब नव्हता. पण पुढे बेंजो आणि बेंजोच्या पुढे नाचणारे. गाडी मुंगीच्या चालीनं. किहीमच्या फाट्याशी इंजिनाच्या तापाचा काटा वर चढला आणि सीटखालच्या इंजिनातून वाफ आली. मी चावी बंद केली. बेंजो थांबला, सगळे गोळा झाले. माझा दीर पाण्याची बाटली घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाकडे. मी त्याचा सदरा धरून त्याला मागे खेचला, बटण तुटलं त्याचं.

तू मला वेणी धरून खेचलं होतंस. मी दहा-बारा वर्षांची आहे, कार्लेखिंडीच्या चढाला तुझी जुनी जीप तापलीय, आणि मी ओलं फडकं घेऊन झाकणावर हात टाकणार इतक्यात तू. "चटका बसल्यावर शानी होशील, पन थोबाड जाईल. आधी बस. माझी तंबाखू संपंपर्यंत कोनी हात लावायचा न्हाय." आणि तू झाडाखाली बसून तंबाखू मळतोस. मागे बसलेली माणसं कुरकुरतात, तू ऐकत नाहीस. मला इतका राग यायचा. वाटायचं, ह्याला सगळं कळलंय आणि हा मुद्दाम वेळ काढतोय. थुंकून झाल्यावर दर वेळी एकच विचारायचास, "उभी तापते का पळताना?"

तर मी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले. शालू, नथ, सगळं घेऊन. नवरीला न्यायला आलेल्या विहीणबाई पुढे आल्या, आवाजात साखर. "आवो, आमची गाडी हाय की मागं. नवरीला तिकडं बसवा. मुहूर्त काय तुमच्या इंजिनासाठी थांबंल?"

पोरीनं दार उघडून एक पाय खाली ठेवला. तेवढं मी पाहिलं. तो दुसरा पाय खाली आला असता तर माझं संपलं होतं, बाबा. सासरच्यांनी जन्मभर उगाळलं असतं, नवरी अर्ध्या वाटेत आईच्या गाडीतून उतरली म्हणून.

आधी मला फुलांचा संशय आला. उठले आणि पडदा ओरबाडून काढला. भाचा ओरडला, "आत्या, फुलं!" फुलं कसली, वारा अडवला त्यांनी. पण मग आठवलं, पहाटे मोकळ्या रस्त्याला काटा हललेला नव्हता, आदल्या दिवशीही फाटकाशी थांबले तेव्हाच चढला होता. उभी तापते. पळताना वारा गार करतो, उभ्या गाडीला पंखाच. म्हणजे पंखा बिघडला. चावी फिरवली, इंजिन धगधगतंय आणि पंखा गप्प. चावी काढून जाळीमागची त्याची वायर ओढली. जोडावर हिरवा थर, शेवाळासारखा. समुद्रानं खाल्लेला.

समोरच्या घरातली बाई दारात उभी राहून गंमत बघत होती. तिला विचारलं, "आमसुलं हायेत?"

"ऐन लग्नात सोलकढी करतेस काय गं?"

"व्हय, तुलापन वाढते. आन आधी."

आईची तांब्याची कळशी आठवते? आमसूल घासलं की लख्ख व्हायची. तू तिच्या डब्यातली आमसुलं चोरून बॅटरीच्या वायरी घासायचास आणि शिव्या खायचास. मी तसंच घासलं, गोड्या पाण्यानं धुतलं, शालूच्या पदरानं कोरडं केलं. विहीणबाई "अगो बया" म्हणाल्या. झाकण गार झाल्यावर पाणी भरलं, गाडी चालू केली आणि उभीच ठेवली. काटा चढायला लागला. बेंजोवालाही काट्याकडे बघतोय. चढला, अजून चढला, आणि पंखा घर्रकन सुटला.

पोरीनं पाय आत घेतला, दार ओढलं. "चल आता. आन हात पूस."

मुहूर्त गाठला. पदरावरचा डाग गेला नाही, जाणारही नाही.

परवा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं विचारलं, "तेव्हा एवढी शांत कशी बसलीस गं?" मी म्हटलं, तुझ्या आजोबानं शिकवलं. खोटं नाही ते. पण गडग्यावर बसल्या बसल्या मला एक कळलं. तू तंबाखू मळायचास तेव्हा तुलाही काही उमगलेलं नसायचं, हो ना? आणि मी बसले ती शांत म्हणून नाही, पाय लटपटत होते म्हणून. हे तिला सांगितलं नाही. तुला सांगितलं, तू कोणाला सांगणार आहेस.