टॉवरला शिस्त लावताना

३ मार्च
निवृत्त मुख्याध्यापिकेनं विणकामच करावं असं कुठे लिहिलंय? आज लष्करी विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. नवरा म्हणाला, भीती वाटली तर सांग हो. मला भीती! सातवी ब सांभाळलीय मी.

१९ मार्च
टॉवरवरचा अधिकारी रेडिओवरून सूचना देतो आणि ती आपण शब्दशः परत म्हणायची म्हणे. मी काय पोपट आहे? 'समजलं' म्हटलं. त्यानं सूचना पुन्हा दिली. मी पुन्हा 'समजलं' म्हटलं. शिकवणारी मुलगी कपाळाला हात लावून बसली. टॉवरला शिस्त लावायला हवी.

८ एप्रिल
उतरताना विमान तीनदा आपटलं. धावपट्टी खडबडीत आहे. शिवाय लढाऊ विमानं मागून येऊन पुढे घुसतात. रांग म्हणून काही शिकवलेलं नाही.

२ मे, सकाळी
आज एकटीनं उड्डाण. शिकवणारी मुलगी म्हणाली, बाई, बाकी राहू दे, बोलून झालं की बटण तेवढं सोडा. इतकं सोपं कुणाला सांगतात? नवऱ्याला क्लबात रेडिओजवळ बसवून जाणार. ऐकू दे.

२ मे, दुपारी
लिहवत नाही.
वर गेले आणि शेजारची सीट रिकामी दिसली. विमान वळवायचा दांडा घट्ट धरला. बोलायचं बटण त्यावरच असतं. ते दाबलेलं राहिलं, की दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. मला वाटलं, टॉवर रुसलाय. म्हणून मोठ्यानं बोलत बसले. टॉवरला ढ म्हणाले. मग 'आई गं, खाली उतरव'. मग 'अहो, तुम्ही शेजारी हवे होतात'. चार लढाऊ विमानं इंधन जाळत घिरट्या घालत होती आणि हे सगळं ऐकत होती. शेवटी टॉवरनं हिरवा दिवा दाखवला, तेव्हा उतरले. आपटले.
अधिकारी खाली आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू आवाजात नियम सांगितला: बोलून झालं की बटण सोडायचं. मी 'समजलं' म्हटलं. तो नुसता उभा राहिला. शेवटी मी सगळ्यांसमोर नियम शब्दशः परत म्हटला. एकटीनं उडणं बंद, पुढची सूचना येईपर्यंत.

२ मे, संध्याकाळी
घरी आलो. चपला काढताना नवरा एवढंच म्हणाला, भीती वाटली तर सांगायचं.
भीती वाटली तर सांगायचं, मी म्हटलं.