पाण्यावर मोजलेली माणसं

४ नोव्हेंबर, डिंभे
एस.टी. दीड तास उशिरा आली, तरी मी खूश. लेक हर्षाली, वय आठ, दिवाळीच्या सुट्टीत बरोबर आली आहे. खिडकीशी बसून घसा बसेपर्यंत गात होती. साळुबाईंकडे खोली मिळाली. त्या, नवरा गोरखभाऊ आणि लेक रत्ना, तिघंही धरणात मासे धरतात.

माझं काम एका चिमुकल्या बेटाचा इतिहास लिहिण्याचं. बेटकऱ्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही. जे आहे ते परदेशी व्यापारी कंपनीच्या एका कारकुनाच्या नोंदवहीत. तिच्या पानांचे फोटो आणलेत. गडी भलताच काटेकोर! त्रेचाळीस बेटकरी होडीत बसवून नावानिशी मोजले.

६ नोव्हेंबर
होडीतून धरणात फिरलो. त्या कारकुनाची नक्कल म्हणून मीही मोठ्याने मोजून इथे लिहिलं: रत्ना, गोरख, साळुबाई, हर्षाली, मी. एकूण पाच. साळुबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘‘ताई, आमी मासं मोजतो. पाण्यावर मानसं मोजत न्हाई.’’ मला हसू आलं. हर्षालीला होडी लई आवडली, तिच्याच शब्दांत.

८ नोव्हेंबर
रत्ना दिसेना. विचारलं तर साळुबाई म्हणाल्या, मला लेकच न्हाई. थट्टा नव्हती. दुःखही नव्हतं, त्याचीच भीती वाटली. कारकून पुढे लिहितो: यादीतलं पहिलं नाव सापडत नाही; लोक म्हणतात, असा कुणी नव्हताच.

९ नोव्हेंबर
गोरखभाऊ नाहीत. साळुबाई म्हणतात, माजं लगीनच झालं न्हाई. कारकुनाची माणसंही अशीच गेली, यादीत वरून एकेक. माझ्या यादीत चौथी हर्षाली. उद्या पहिल्या गाडीने घरी.

१० नोव्हेंबर
साळुबाईंच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणतात, इथं कोण राहत न्हाई. गाडी आली नाही. हर्षालीचा हात सोडलेला नाही. यादीचं पान फाडू? पण कारकुनाने फाडलं असतं तर ते त्रेचाळीस जण होते हे तरी कुणाला —

११ नोव्हेंबर
वहीत लिहिलंय, मला हर्षाली नावाची मुलगी आहे. अक्षर माझंच. मी तर एकटी आले. खाटेखाली छोटी चप्पल — कुणाची, आठवत नाही, पण रडू थांबत नाही. पान फाडणार नाही. ज्याला ही वही सापडेल त्याने वाचावं — हर्षाली, वय आठ. ती होती. गात होती. तिची आई मी, माझं नाव —