केर हा शब्द सोडून

५ ऑगस्ट, मंगळ.
आजीला डॉक्टरकडं नेलं. गेल्या आठवड्यात गावाकडं चुलीवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसली, भांडं जळालं. झालं. पप्पा गगनबावड्याला गेले आणि तिला आमच्या उचगावच्या फ्लॅटवर घेऊन आले. आता डॉक्टर 'डोकं ठीक' म्हणाला तरच परत सोडणार. न्हाईतर गावच्या घराला कुलूप.
डॉक्टर पोरगाच. वार विचारला, बरोबर. महिना विचारला. 'श्रावण.' त्याला ऑगस्ट पायजे होता, पण टिक केली. मग, "मालकांचं नाव काय हो आजी?"
आजी गप. परत विचारलं. पदर तोंडावर, नजर खिडकीकडं. त्यानं फुली मारली.
गाडीत मी पप्पांना, "ती नवऱ्याचं नाव कधी घेती का?" पप्पा म्हणाले, "आजोबा गेले तवा वारसनोंदीला घेतलंवतं की, क्लार्कच्या कानात. मग आज का न्हाई?"


६ ऑगस्ट, बुध.
आजोबांचं नाव केरबा. आधीची दोन भावंडं जगली न्हाईत, म्हणून ह्यांना जन्मल्या जन्मल्या केरात ठेवून उचललं. म्हणून आजीच्या तोंडात 'केर' न्हाईच. 'अंगण उठीव गं' म्हणायची. खराट्यानं अंगण उठायचं, सोपा उठायचा, गोठा उठायचा. मी सहा वर्षांची हुईपर्यंत तिच्याकडं. मला तोच शब्द खरा.
पहिलीला उचगावात आले. झाडायची पाळी माझी. "बाई, वर्ग उठवू?" बाई वह्या तपासण्यात. "उठव." आख्खा वर्ग दप्तर घेऊन घरी. मी एकटी झाडू धरून उभी.
ही गोष्ट ऐकून आजोबा आठवडाभर हसत होते. आजी न्हाई हसली. तिला चुकलं काय तेच कळंना.

८ ऑगस्ट, शुक्र.
आठवतंय ते लिहून काढते, क्रम गेला खड्ड्यात.
भातलावणीचे दिवस. पावसात धा पावलांवरचं दिसायचं न्हाई. आजी-आजोबा दोघंबी पाठीवर इरलं घेऊन वाकलेली, लांबून दोन कासवं. जेवायची वेळ झाली की आजी बांधावर उभी राहून हाक मारायची, "गंगेऽऽ, चल जेवायला!" गंगी आमची म्हस. आजोबा चिखलातनं वर यायचे. गोठ्यातनं गंगीबी ओ द्यायची. मी विचारलेलं, तुम्हाला राग न्हाई येत? "म्हस धा लिटर देती बाळा. माझी बढतीच हाय ती."
धार काढताना ते नुसतं खाकरायचे, आणि आजी दुसरी चरवी घेऊन हजर. कधी उशीर न्हाई.
मी वर्षभर 'मी' हा शब्द न वापरता कादंबरी लिहितेय. चाळीस पानांत दम निघाला. इथं ही बाई एक शब्द टाळून आख्खा जन्म, चार पोरं, तीन म्हशी... आणि कुणाला सांगितलंसुद्धा न्हाई की हा प्रयोग हाय.

९ ऑगस्ट, शनि.
सकाळी स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी.
"आज्जे, आठवतंय न्हवं नाव?"
"कुणाचं?"
"आजोबांचं."
"गेलेल्या माणसाच्या नावाचं काय लोणचं घालायचंय? चा उतू चाललाय बघ."
चहा खरंच उतू चाललावता. तिनंच बघितला, मी न्हाई.

१२ ऑगस्ट, मंगळ.
परत डॉक्टर. आजी आत यायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग लिहून दाखवा आजी."
"मला कुठं लिव्हाय येतंय."
"पहिलं अक्षर तरी?"
"तुमची बायकू घेती व्हय तुमचं नाव?"
"रोज घेते."
"मग धाक न्हाई म्हणायचा तुमचा."
डॉक्टर हसून हसून लाल. पण फुली खोडली न्हाई. 'महिन्यानं परत आणा. तोवर कुठं ठेवायचं ते घरच्यांनी ठरवा.'
गाडीत पप्पा मागं वळून म्हणाले, "आई, मला तरी सांग. कानात सांग."
आजीनं त्यांची कॉलर सरळ केली. "तुला ठावं हाय न्हवं? मग बास की."
मी तिचा चेहरा वाचत होते. सांगत न्हाई का सापडत न्हाई? कळलं न्हाई. खरंच न्हाई कळलं.
चौकात पप्पांनी गाडी थांबवली. सरळ उचगाव, उजवीकडं गगनबावड्याचा रस्ता. सिग्नल हिरवा झाला तरी तसेच. मागनं टेम्पोवाला बोंबलला, "ओ पावणं, जावा की! झोपलाय काय?"
आजीनं काच खाली केली, डोकं भाईर काढलं. "जरा दम खा की रं! पोरगं इचार करालंय माझं."