मुक्त वळण

२ एप्रिल, सकाळी ६.४०
आजपासून स्वतंत्र. वयाच्या सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत बाईंकडे नाच शिकले, तो कालखंड आज संपला. (तो संपून बारा वर्षं झाली, पण अधिकृतपणे आज.) माझ्या क्लासमध्ये बाईंचं काहीही असणार नाही. नियम तीन. चमच्याने टेबल ठोकायचं नाही. ‘पुन्हा’ म्हणायचं नाही. कुणाला घाबरवायचं नाही.
२३ तारखेला नाट्यगृहाच्या व्यवस्थापिकेसमोर माझी पहिली रचना. आवडली तर त्यांचा वरचा हॉल वर्षभर माझा. नाही आवडली तर ३० तारखेला क्लास बंद, कारण खालच्या टायरवाल्याला ही खोली गोदामासाठी हवी आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
‘पुन्हा’: ३४ वेळा. मोबाइलवर मोजते आहे. पहिला दिवस धरत नाही. चमच्याला हात लावला नाही. किल्ल्यांनी ठोकलं. वजन वेगळं, आवाज वेगळा.

५ एप्रिल
रचनेचं नाव ‘मुक्त वळण’. आठ जणी कोपऱ्यातून तिरक्या धावत येतात, रंगमंचाच्या मध्यापाशी डावा खांदा आत घेऊन अर्धा वळसा घालतात आणि समोरच्या कोपऱ्यात निघून जातात. हे वळण संपूर्णपणे माझं. कुठून आलं सांगता येत नाही, शरीरातून आलं.
दंतवैद्य (पहिली रांग, पाय चांगले, प्रश्न फार) म्हणाली, मॅडम, सरळ गेलो तर लवकर पोचू ना. तिला सांगितलं, पोचणं हा मुद्दाच नाही. ती म्हणाली, मग एवढं धावतोय कशाला.
उद्यापासून ती मागच्या रांगेत. घाबरवायला नाही. रचनेची गरज.

९ एप्रिल
प्रकाशयोजनावाला येऊन गेला. विचारत होता, मधे काय ठेवणार, मापं द्या. काही नाही म्हटलं. मग या सगळ्या वळसा कशाला घालताहेत? म्हटलं, शून्याला. त्याने वहीत लिहून घेतलं: शून्य, अंदाजे दीड फूट.
आईही बघायला बसली होती. म्हणाली, अगदी बाईंसारखी भुवई उचलतेस गं. मी म्हटलं, भुवई आनुवंशिक असते. आईला भुवई उचलता येत नाही. बाबांनाही येत नाही. आजोबांची असणार.
‘पुन्हा’: ४१. आई आल्यामुळे.

१४ एप्रिल
बाईंना आमंत्रण देऊन आले. हेतू एकच, माझ्यात त्यांचं काही उरलेलं नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं.
खोली तीच, पण लहान झाली आहे. पावलांनी मोजली, सहा मीटर बाय चार. बरोब्बर मधे एक खांब, त्याला जुनी गादी गुंडाळलेली. इमारतीचा भार त्यावर आहे, त्यामुळे काढता येत नाही. माझ्या वेळीही होता म्हणे. असेल. विसरले होते.
सहा मुली तिरक्या धावत आल्या, खांबापाशी डावा खांदा आत घेतला, अर्धा वळसा, समोरच्या कोपऱ्यात.
योगायोग.
बाई म्हणाल्या, काय गं लंबू, गुडघे अजून वाकत नाहीतच ना? येते, पण पहिल्या रांगेत बसव, चष्म्याचा नंबर वाढलाय.
निघताना मीही खांबाला वळसा घातला. तिथे खरंच खांब होता, म्हणून ते वेगळं.

१५ एप्रिल
योगायोग असला तरी टाळलेला बरा. आता सगळ्या जणी मध्यातून सरळ जातील. आलेखाच्या कागदावर आखून पाहिलं. दोघींमध्ये ०.४ सेकंदाचं अंतर, टक्कर अशक्य.

१६ एप्रिल
टक्कर. आकडेमोड बरोबर होती. सहा जणी सवयीने वळल्या, दोघींनी माझं ऐकलं. ऐकणाऱ्यांत दंतवैद्य होती. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. म्हणाली, काही नाही मॅडम, करून घेईन, मला फक्त दंतवैद्याचीच भीती वाटते.
‘पुन्हा’: ५७.

१८ एप्रिल
वळण परत आणलं. कारण कलात्मक. शेवटी मी एकटी येऊन मध्यातून सरळ जाईन. एकदाच, सगळ्यांदेखत. बाईंनाही कळेल.

२३ एप्रिल, संध्याकाळी ७.३०
क्रमाने लिहिते.
व्यवस्थापिका पाचव्या रांगेत, बाई पहिल्या. तीन मिनिटं चाळीस सेकंद सगळं मापात. मग मी धावत निघाले. मध्याच्या एक पाऊल आधी डावा खांदा आपोआप आत गेला. मी तो बाहेर काढला. पायांना हे कळवलं नव्हतं. तोल गेला, दोन्ही हात टेकले.
तेवढ्यात पहिल्या रांगेतून, मुळीच न चढवलेल्या आवाजात: पुन्हा.
मी विचार केला नाही. शब्द संपायच्या आत विंगेत माझ्या जागेवर उभी होते. आठही जणी आपापल्या कोपऱ्यात. संगीतवाल्यानेही गाणं पहिल्यापासून लावलं, त्याला तर बाई कोण तेही माहीत नाही. अख्खी रचना परत झाली. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा जास्त चांगली झाली. शेवटी मी वळले, आणि छान वळले.
टाळ्या बऱ्याच. व्यवस्थापिकेने येऊन विचारलं, प्रेक्षकांतून आवाज देऊन नाच थांबवायची कल्पना कुणाची? मी म्हटलं, माझी. मधल्या रिकाम्या जागेचीही माझीच.
बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, आणि खांब घरमालकाचा.

२६ एप्रिल
हॉल मिळाला. पत्रात एक अट आहे, प्रत्येक प्रयोगाला त्या आजी पहिल्या रांगेत हव्यात.

२ मे
नवा हॉल. चौदा मीटर बाय अकरा. एकही खांब नाही.
आठ जणी धावत आल्या आणि नुसत्या पांगल्या. कुणाला कुठे वळायचं ते कळेना. पाच मिनिटं पाहिलं. मग बरोब्बर मधे एक खुर्ची ठेवली, तिला टॉवेल गुंडाळला. तात्पुरतं.
चमचा आईकडून आणला आहे. किल्ल्या सारख्या हरवतात. मोजणी बंद केली, मोबाइलची बॅटरी जाते.
आज एक नवी मुलगी आली, वय सहा. तिने विचारलं, ताई, ही खुर्ची काढायची का?
तिला सांगितलं, काढता येत नाही. इमारतीचा भार तिच्यावर आहे.