आईंची बाजारातली जागा

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१७ जानेवारी २०२६

ती. आईंना भावनाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? लेकीकडे आराम मिळतोय ना? किशोरीताई, आईंना वाचून दाखवताना हे जरा मोठ्याने वाचा: आईंनी उकिडवं बसायचं नाही, डॉक्टर ओरडलेत. आम्ही मजेत. फोनवर तुम्ही आधी पापलेटचा भाव विचारता आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. परेश उद्या उरणला येतोय, त्याच्या हाती देते.

दुपारी मी इंग्रजीच्या क्लासला जाते. प्रांजल मॅडम माझ्याहून लहान, पण दरारा थेट तुमच्यासारखा. सध्या क्रियापदांनी डोकं खाल्लंय. आपण उठलो तर 'राइज', काही उचललं तर 'रेझ'. आपण आडवे झालो तर 'लाय', काही खाली ठेवलं तर 'ले'. आणि काल आडवे झालो असलो तर परत 'ले'च! मी म्हटलं, मॅडम, एकाच पाटीत बोंबील आणि मांदेली मिसळून कोण विकतं? शेवटी मनात तुमची पाटी आणली. पाटी उचलली की 'रेझ', खाली ठेवली की 'ले'. आता चुकत नाही. फारसं.

क्लास कशासाठी, ते सांगितलंच नाही. नवीन विमानतळावर एका दुकानात नोकरी आहे. गेल्या आठवड्यात मुलाखत झाली. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवायचं नाही, हे तुम्ही माझ्या अंगात मुरवलंय ना? साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो कळला नाही, पण बोहनी कशी मोडायची? ठणकावून 'यस सर' म्हटलं. प्रश्न होता, पहाटेच्या पाळीला येशील का?

परेशला सांगितलं, बोहनीने घात केला. तो हसून हसून लोळला. पण आई, ते अर्धंच खरं आहे. साहेबांनी सावकाश पुन्हा विचारलं, तेव्हा मला नीट कळलं होतं. पहाट म्हणजे आपली बाजाराची वेळ, हेही कळलं होतं. तरी मी हो म्हटलं. मला ती नोकरी हवी आहे.

तुमच्या शेजारी बसणाऱ्या चंद्रावती मावशी रोज तुमच्या फळीवर आपले दोन बांगडे ठेवतात, जागा रिकामी दिसू नये म्हणून. काल म्हणाल्या, "होलीपर्यंत कोनाला बसू देनार नाय. मंग तू बस, नायतर सोड. सासूची जागा सुनेचीच." मी मान खाली घालून कोळंबी घेतली आणि घरी आले.

तुमच्या सासूबाईंनी ती जागा तुम्हाला दिली. तिथे बसून तुम्ही परेशला शिकवलंत. ती सोडली, असं माझ्या तोंडून निघणार नाही. तो शब्द तुमचा. पण नोकरी मिळाली आहे, सोमवारपासून मी विमानतळावर जाणार आहे. रागवा, हवं तेवढं बोला, पण अबोला धरू नका. तेवढं मला सोसणार नाही.

मावशींना काय सांगायचं, ते परेशजवळ सांगा.

तुमच्या जागेवर न बसणारी, पण तुमचीच,
भावना