थाट माझा, भपका हेमराजचा

१२ फेब्रुवारी
साक्रीच्या वाचनालयाचं बोलावणं आलं. मराठी भाषा दिनाला माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला: ‘भपका: समानार्थी शब्द आणि वापर’. धुळ्याच्या साहित्य मंडळाचे नीलेशराव ऐकायला येणार. आवडलं तर धुळ्यात बोलावतील. आवडणारच. उभा जन्म मराठी शिकवली, धुळ्याला आत्ता जाग आली.

१४ फेब्रुवारी, सकाळी
शेजारच्या हेमराजने गाडी घेतली. बोनेटवर हार, दारात उभी करून नुसता हॉर्न. याला म्हणतात भपका. मी दारावर ‘साहित्यसेवक हिलाल सर’ अशी एलईडी पाटी लावली, तो थाट. फरक सूक्ष्म आहे. हेमराजला कळायचा नाही.

१५ फेब्रुवारी
संकल्प: रोज चार शब्द. बडेजाव, डामडौल, तोरा. चौथ्याला झोप लागली.

१९ फेब्रुवारी
चार दिवस पाहुणे. टेंभा मिरवणे. मिरवायला हातात टेंभा तरी हवा. हेमराजकडे नुसती गाडीची किल्ली.

२१ फेब्रुवारी
कोशातले शब्द कुणीही सांगेल. मला खास साक्रीचा शब्द हवा. बाजारात कांदेवाल्या सुमनबाईंना विचारलं, भपकेबाजपणाला तुम्ही काय म्हणता? त्या तोंडाला पदर लावून कांदे तोलत बसल्या. चहाच्या टपरीवर विचारलं, सगळ्यांनी कपात तोंड घातलं. अडाणी लोक! स्वतःच्या बोलीतला एक शब्द येत नाही.

२६ फेब्रुवारी
सूट शिवून आला. वर फेटा बांधणार. बसस्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. खर्च माझाच, पण खाली ‘शुभेच्छुक: समस्त साक्रीकर’ टाकलं. बायको म्हणाली, अहो, विषय काय, तुम्ही करताय काय! प्रमिलाला साहित्यातलं कळत नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
हॉल भरला होता. नीलेशराव पहिल्या रांगेत. भपक्याला उदाहरण शेजारच्या हेमराजचं दिलं. शेवटी मी आवाहन केलं: कोशात नसलेला, आपल्या गावचा शब्द सांगा, मी तो धुळ्यापर्यंत नेतो. सगळे माना खाली घालून बसले. मी म्हटलं, लाजता काय? तेव्हा सुमनबाई उठल्या. म्हणाल्या, सर, बठ्ठं गाव त्याले ‘हिलालगिरी’ म्हनस.
बठ्ठं, म्हणजे सगळं! हॉल हसून लोळला. प्रमिलासुद्धा. नीलेशरावांनी शब्द लिहून घेतला. मला फार लागलं. डोळे फेट्याच्या शेमल्याने पुसले.

२८ फेब्रुवारी
नीलेशरावांचा फोन. शब्द मंडळाला फारच आवडला. धुळ्यात त्यावर व्याख्यान ठेवलंय. वक्ता म्हणून हेमराजचा नंबर मागत होते. म्हणाले, तुमच्या शेजारी राहतात, उदाहरणं भरपूर देतील.