हुकासकट हाताने

२ जानेवारी

संकल्प. रोज सहाला उठायचं. चहाच्या आधी कानातल्यांची एक जोडी पूर्ण करायची. दुपारी झोपायचं नाही. या वर्षी धंदा असा वर काढायचा, की मी स्टोअरकीपरची नोकरी का सोडली हे ऑफिसातल्या सगळ्यांना कळावं.

आज उठायला साडेआठ झाले. पण हाताने दागिने घडवणाऱ्या माणसाने गजरावर उठणं मला तत्त्वतःच पटत नाही. उद्यापासून बघू.

४ जानेवारी, दुपार

टेबलावरून हिची कुरकुर. जेवणाच्या टेबलावर माझ्या पकडी, मण्यांच्या डब्या आणि तारेची वेटोळी असतात, म्हणून आम्ही वर्षभर ताट मांडीवर घेऊन जेवतोय. आज हिच्या घासात निळा मणी आला. दात हलला म्हणाली. मी म्हटलं, बघ, दात हलला पण मणी फुटला नाही, याला म्हणतात क्वालिटी. ही ताट घेऊन आत गेली.

मणी धुऊन परत डबीत टाकला.

९ जानेवारी

मोठी बातमी! ट्रेड शोमध्ये स्टॉल मिळाला. आजवर मी केली ती शाळेच्या हॉलमधली प्रदर्शनं. तिथे लोक पंख्याखाली बसायला येतात. हे वेगळं. इथे दुकानदार येतात, नमुना बघतात आणि शेकड्यांनी ऑर्डर देतात. फेब्रुवारीच्या शेवटी, तीन दिवस.

ही म्हणाली, शेकड्यांनी मागितलं तर करणार कोण? हिचा हाच दोष. यश यायच्या आधीच त्याची काळजी सुरू.

११ जानेवारी

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. हार्डवेअरचं दुकान आहे. मनातल्या मनात मी त्याला बिजागरी म्हणतो, कारण तो बिजागऱ्या विकतो आणि बोलतोही तसाच, करकरत. म्हणाला, दाजी, दुकानातला माझा माणूस सोडून चाललाय, तुम्ही या ना, घरचेच आहात. मी हसून विषय बदलला. ही हसली नाही.

तो गेल्यावर हिने अट घातली. ट्रेड शोमध्ये एक तरी ऑर्डर आली तर ही पुन्हा टेबलाचं नाव काढणार नाही. नाही आली, तर टेबल रिकामं करायचं आणि मार्चपासून दुकानात जायचं. मी ताबडतोब कबूल केलं. हरायचा प्रश्नच नाही, मग कबूल करायला काय जातं?

१५ जानेवारी

आज माझी खासियत सापडली. कानातली सगळेच करतात, पण कानात जाणारा हुक मात्र सगळे बाजारातून तयार आणतात. लबाडी! मी हुकसुद्धा तारेपासून स्वतः वळवतो. घराचं वायरिंग बदललं तेव्हा भरपूर तार निघाली होती. अस्सल तांबं, तेही फुकट. पाटी रंगवून घेतली: ‘हुकासकट हाताने’.

हिला म्हटलं, तू माझी चालतीबोलती जाहिरात. ही जोडी घालायची आणि ट्रेड शो होईपर्यंत काढायची नाही. दुकानदाराला सांगता आलं पाहिजे की आमच्या घरात हे चोवीस तास वापरतात. हिने घातली. अभिमान वाटला असणार तिला. दाखवत नाही एवढंच.

२२ जानेवारी

हिने केसांची पद्धत बदलली. इतकी वर्षं घट्ट अंबाडा, आता एकदम मोकळे केस, दोन्ही कानांवरून. छान दिसतेस, म्हटलं. घरात कलेचं वातावरण असलं की माणसाला नटावंसं वाटतं. फक्त त्याने माझा माल झाकला जातो. तसं सांगितलं, तर म्हणाली, कानांना थंडी वाजते.

पंखा सुरू होता.

२५ जानेवारी

हिच्या उशीवर हिरवट डाग. नव्या अभ्र्याचा रंग जातोय. हल्ली कुणाच्या मालाचा भरवसा राहिला नाही. लोकांना फसवताना काहीच कसं वाटत नाही?

२७ जानेवारी

अभ्रा घेऊन कापडवाल्याला जाब विचारायला गेलो. तो म्हणाला, साहेब, अभ्रा पांढरा आहे, जायला आधी रंग असावा लागतो. अत्यंत उद्धट माणूस. त्याच्याकडून पुन्हा काही घ्यायचं नाही.

४ फेब्रुवारी

नमुन्यांचा मोठा डबा भरायचा होता. जेमतेम तळ झाकला. सहाला उठणं अजून सुरू व्हायचंय.

ही म्हणाली, जोडीतलं डावं लांब आहे आणि उजवं आखूड. मी म्हटलं, सारखा माल यंत्र काढतं. माणसाचे दोन कान तरी कुठे सारखे असतात? हे वाक्य पाटीवर घ्यावं का? जागा उरलेली नाही.

ही दुपारी डॉक्टरकडे जाऊन आली. मी पॉलिश करत होतो, त्यामुळे कशासाठी ते विचारायचं राहिलं. मलम आणलंय. गुडघा असेल.

१३ फेब्रुवारी

ट्रेड शोची तालीम. हिला खरेदीदार केलं आणि तिच्यापुढे माल मांडला. बराच वेळ बोललो. शेवटी ही म्हणाली, नको. मी म्हटलं, अगं, नाटकात तरी घे. म्हणाली, मी नाटक करत नव्हते.

पुढची तालीम रद्द. फार सराव केला की बोलण्यातला ताजेपणा जातो.

२६ फेब्रुवारी, पहिला दिवस

स्टॉल स्वच्छतागृहाच्या दारासमोर. आयोजकांना वाटलं असेल, मी तक्रार करीन. उलट सगळ्या हॉलमध्ये याच्याइतकी मोक्याची जागा नाही. इथे प्रत्येकाला कधी ना कधी यावंच लागतं.

मी घरचा मोठा आरसा नेला होता. त्याला अफाट प्रतिसाद. लोक थांबतात, केस नीट करतात, दातांत काही अडकलंय का ते बघतात. शेजारी एका बाईंचा स्टॉल आहे. मी त्यांना रेडिमेडवाल्या म्हणतो. त्यांच्याकडची कानातली कानाला लावून दुकानदार माझ्या आरशात बघतात आणि पलीकडे जाऊन त्यांना ऑर्डर देतात. म्हणजे माझ्या स्टॉलवरचा माणूस ऑर्डर देतो, हे सिद्ध झालं. आता फक्त दिशा बदलायची आहे.

ऑर्डर: अजून नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज मी चहा आणायला गेलो तेव्हा रेडिमेडवाल्या बाई हिच्याशी बोलत बसल्या होत्या. मी दिसताच उठल्या. मग आपल्या स्टॉलवरून स्टीलच्या हुकांची पिशवीच घेऊन आल्या. म्हणाल्या, दादा, हे ठेवा, मला काही देऊ नका, निदान वहिनींच्या कानातल्यांना तरी लावा. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही खाली बघत होती.

समोरचा चांगला आहे हे कळलं की लोक असे डाव टाकतात. एक दिवस उरलाय. मी शांत आहे. पाटी मात्र सकाळपासून पाच वेळा पुसली. हॉलमध्ये धूळ फार आहे.

२८ फेब्रुवारी, शेवटचा दिवस

लिहायचं नव्हतं.

दुपारी एक मॅडम आल्या. मोठ्या दुकानांसाठी खरेदी करतात. स्वच्छतागृहातून बाहेर पडून आरशात पदर सारखा केला आणि जाता जाता निळ्या मण्याची जोडी उचलली. हिच्या घासात आलेला तोच मणी. खाली ठेवली नाही! उजेडात धरली, हलवून बघितली. म्हणाल्या, एक लांब आणि एक आखूड, मुद्दाम केलंय ना? छान दिसतं, असं कुणाकडे नाही. दोनशे जोड्या जमतील का? त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. ही उठून उभी राहिली. खरंच आनंद झाला होता तिला, हे मी माझ्या मनचं लिहीत नाही. तिने माझा हात धरला.

मग मॅडमनी विचारलं, हुक कसला आहे, कानाला त्रास नाही ना होत?

हा प्रश्न तर मला तोंडपाठ होता. म्हटलं, अस्सल तांबं, मी स्वतः वळवलंय. आणि आमच्या हिने जानेवारीपासून घातलंय, झोपतानासुद्धा काढत नाही. दाखव गं.

ही म्हणाली, अहो, नको.

मी म्हटलं, लाजते जरा. आणि मीच पुढे होऊन तिचे केस बाजूला केले.

कानाची पाळी हिरवी पडली होती. सुजून हुक दिसेनासा झाला होता. भोकापाशी पू वाळलेला. मॅडमनी जोडी ट्रेमध्ये ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. त्या हिलाच म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवलं नाही का? ही म्हणाली, दाखवलं, काढून टाका म्हणाले होते, पण मी म्हटलं यांचा ट्रेड शो होऊन जाऊ दे.

समोर आरसा. त्यात तो कान आणि मागे मी, तिचे केस हातात धरून उभा. ते सोडायचंसुद्धा मला सुचलं नाही. शेवटी हिनेच सोडवले.

ऑर्डर: नाही.

१ मार्च

डॉक्टरकडे गेलो. मीही गेलो. हुक ओढून निघेना, कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, कुणी वळवलाय हो हा, काही केल्या सरळ होत नाही. मी म्हटलं, मी. माझ्या हुकाच्या मजबुतीबद्दल परक्या माणसाने आपणहून काढलेला हा पहिला उद्गार.

हिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. ओरडली नाही. मला फार लाज वाटली. परत येताना काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, तुम्ही केसांना छान म्हणालात.

६ मार्च

दुकानात जायला लागलो. मेहुण्याने गल्ल्यावर बसवलं. एका गिऱ्हाइकाने बिजागरी हातात घेऊन विचारलं, गंजणार नाही ना? मी म्हटलं, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. गिऱ्हाईक निघून गेलं. नंतर मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही आत बसून स्क्रूच वेगळे करा, घरचेच आहात.

आता रोज सहाला उठतो. दुकान आठला उघडतं.

२३ मार्च

टेबल रिकामं झालं. त्यावर जेवतो. हिची सूज उतरली, पण भोकं बुजली. पुन्हा टोचायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आज दुपारी स्क्रू वेगळे करताना विचार आला. हाराला भोक लागत नाही! तार अजून बरीच शिल्लक आहे. जेवताना हिला सहज बोलून दाखवलं. नुसतं बोललो, बाकी काही नाही.

हिने ताट बाजूला सारलं. केस वर धरले आणि मान पुढे केली. म्हणाली, घ्या माप.

मी टेप आणली. मान तशीच वाकलेली, आणि दोन्ही पाळ्यांवर, भोकं होती तिथे, एकेक काळा ठिपका. टेप गुंडाळली. म्हटलं, राहू दे.

बरं, म्हणाली. वर्षभरात माझ्या कुठल्याही बोलण्याला तिने इतक्या पटकन होकार दिला नव्हता.